सात दिवसांची मुदत

महाराष्ट्रातील तमाम सहकारी गृहनिर्माण संस्थांचे माननीय अध्यक्ष आणि सचिव यांसी,



तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला नोटिशीचे भय वाटू नये, कारण नोटिसा लिहिण्यातच त्याचे आयुष्य गेलेले असते; तथापि मागल्या वर्षी एका सकाळी दाराच्या कडीत अडकवलेला, संस्थेच्या गोल शिक्क्याचा आणि जावक क्रमांक घातलेला एक कागद हाती पडला, आणि ‘आपल्या सदनिकेतील कुत्र्याचा सात दिवसांच्या मुदतीत योग्य तो बंदोबस्त करावा’ हा त्यातील मजकूर वाचला, तेव्हा जी नोटीस देणाऱ्याच्या बाजूने वाचली असता सर्वथा रास्त वाटते तीच घेणाऱ्याच्या बाजूने वाचली असता माणसाला किती निरुत्तर करते, हे मला प्रथमच उमगले. ‘योग्य तो बंदोबस्त’ हे शब्द मी स्वतः हजारदा लिहिले असतील. त्यांचा अर्थ काय, हे मला कोणी विचारले नव्हते. आणि आता विचारण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा उत्तर देणारे कोणी नव्हते.

आरोप चार होते, आणि ते चारही खरे होते, हे प्रारंभीच कबूल करतो. खंड्या नावाचा आमचा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा त्या वेळी आठ महिन्यांचा होता. जिन्यात भेटेल त्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय टेकवून स्वागत करण्याची त्याची रीत होती, आणि त्या रीतीपायी वरच्या मजल्यावरील आजींच्या हातातील दुधाची पिशवी फुटली होती. तळमजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांच्या दारातून तो चपला पळवीत असे, आणि त्याही जोडीने नव्हे तर एकेक, त्यामुळे पळवलेली आणि राहिलेली अशा दोन्ही निरुपयोगी होत. दुपारी घरात एकटा राहिला की तो भुंके. आणि चौथे म्हणजे, फिरायला निघताच तो मला दोरीसकट असा ओढीत नेई, की एकदा पार्किंगमधील एका स्कूटरला मिठी मारूनच मला स्वतःला सावरावे लागले. या प्रसंगाची तक्रार मात्र माझ्याबद्दल नव्हती, स्कूटरच्या आरशाबद्दल होती.

आमच्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तिचे पदाधिकारी सज्जन आहेत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच नोटीस काढली असती, कदाचित अधिक कडक भाषेत. परंतु हाच कागद निरनिराळ्या शिक्क्यांनिशी निरनिराळ्या दारांत अडकवला जातो, आणि त्या सर्व दारांआड त्याच वयाचे एखादे जनावर आणि माझ्याइतकाच गोंधळलेला एखादा मालक असतो, हे नंतर अनेकांशी बोलताना ध्यानात आले. म्हणून हे उत्तर एका सचिवांच्या नावे न धाडता आपणा सर्वांच्या नावे जाहीररीत्या धाडीत आहे. ही एका कुत्र्याची कैफियत आहे, आणि तीत माफीची याचना नाही. याचना आहे ती मुदतीची.

त्या सात दिवसांत मी काय केले, ते आधी सांगतो, कारण माझ्या हातून झालेली चूक हीच या पत्राची खरी सुरुवात आहे. मी बाजारातून एक जाड साखळी आणली आणि खंड्याला मागच्या गॅलरीत बांधून टाकले. जिन्यातून नेणे बंद केले, म्हणजे कोणाच्या अंगावर उडी पडणार नाही. फिरणे पहाटेच्या दहा मिनिटांवर आणले, म्हणजे कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. आणि भुंकला की वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून दरडावण्याचा शिरस्ता ठेवला. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती म्हणताना आपण सारा दोष शेपटाच्या माथी मारतो. शेपूट नळीत घालण्याची कल्पना कोणाची होती, हे कोणी विचारीत नाही. माझी गॅलरी ही ती नळी होती. तिसऱ्या दिवशी त्याने दाराची चौकट कुरतडली, आठव्या दिवसापासून तो दुपारचा भुंके तो रात्रीही भुंकू लागला, आणि तीन आठवड्यांनी एकदा साखळी सुटली तेव्हा त्या मोकळ्या क्षणात त्याने जिन्यातून जी धाव घेतली, तिच्यापुढे पूर्वीच्या चारही तक्रारी फिक्या पडल्या. बंदोबस्त जितका कडक केला, तितका उपद्रव वाढत गेला.

अशा अवस्थेत एका परिचितांनी मला पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे पाठवले. हवालदार आले, गॅलरीच्या दारात उभे राहिले, चौकट पाहिली, साखळी पाहिली, आणि मग खंड्याकडे पाहून त्यांनी एकच प्रश्न केला, ‘‘वय किती?’’ मी आठ-नऊ महिने म्हणताच ते हसले. ‘‘साहेब, कुत्रं बिघडलेलं नाही. वयात आलंय.’’

हे वाक्य ऐकण्यापूर्वी कुत्र्यालाही वयात येणे असते, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. पिलू असते आणि मग कुत्रा असतो, एवढीच आमची समजूत. वस्तुतः साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत, आणि थोराड जातींत दोन वर्षांपर्यंतही, कुत्रा पौगंडावस्थेत असतो. दुधाचे अठ्ठावीस दात जाऊन बेचाळीस पक्के दात आलेले असतात, शरीर जवळजवळ पूर्ण वाढलेले दिसते, आणि त्या थोर शरीराचा कारभार मात्र अद्याप अपरिपक्व अशा मेंदूकडे असतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. अंधांचे मार्गदर्शक व्हावेत म्हणून वाढवल्या जाणाऱ्या लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड कुत्र्यांचे त्यांनी निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले, की पाचव्या महिन्यात ‘बस’ म्हणताच बसणारा कुत्रा आठव्या महिन्यात तीच आज्ञा टाळू लागतो, आणि ती सुद्धा फक्त स्वतःच्या पालनकर्त्याची. तीच आज्ञा परक्या माणसाने दिली, तर तो निमूटपणे पाळतो. पुढे वर्षाच्या सुमारास त्याची शिकण्याची वृत्ती पुन्हा सुधारते. हा वृत्तांत माझ्या नातीने मला वाचून दाखवला, तेव्हा तिच्या आईच्या मुद्रेवर जे स्मित उमटले त्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही. सोळाव्या वर्षी मुलाला मित्राप्रमाणे वागवावे असा आपल्या पूर्वजांचा उपदेश आहे. कुत्र्याचे सोळावे वर्ष आठव्या महिन्यात येते, एवढेच काय ते आपल्याला ठाऊक नसते.

आणि नेमक्या याच वयात, महोदय, आपली नोटीस येते. दोन महिन्यांचे पिलू घरी आणले तेव्हा ज्या शेजाऱ्यांनी त्याला मांडीवर घेतले, त्यांनाच ते आठव्या महिन्यात उपद्रवी वाटू लागते. मालक हतबल होतो. आणि मग एके दिवशी ‘शेतावर दिला’ असे सांगण्यात येते. या दोन शब्दांत किती कुत्री नाहीशी झाली असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. ते शेत पुष्कळदा महामार्गाच्या कडेला असते.

दुसरी गोष्ट जातीची. लॅब्रॅडॉर हा शांत, घरगुती कुत्रा, अशी त्याची चित्रांतून झालेली ख्याती. परंतु त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यात उड्या घेऊन सुटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर तोंडात धरून आणीत असत, तेथून ते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आले, आणि शिकार केलेले पाखरू दात न लागू देता धन्याच्या हाती आणून देणे हे त्यांचे काम ठरले. पिढ्यान् पिढ्या ज्याला ‘जा, उचल, घेऊन ये’ एवढेच शिकवण्यात आले, त्याने तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत बसून दिवसभर काय करावे? तळमजल्यावरील चपलेत त्याला त्याचे पिढीजात काम सापडले होते. आमच्या दृष्टीने ती चोरी होती. त्याच्या दृष्टीने ती वतनदारी होती.

हे काम योग्य हाती पडले तर काय होते, त्याचा दाखला दूर शोधण्याचे कारण नाही. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर जातीचाच होता, आणि त्याचे शिक्षण पुण्यात झाले होते. त्याचा जन्म १९९२ च्या जानेवारीतला. म्हणजे १९९३ च्या मार्चमध्ये मुंबई स्फोटांनी हादरली तेव्हा तो अवघा चौदा महिन्यांचा होता. ज्या वयाच्या कुत्र्याला आम्ही जिन्यातून उतरवायला धजत नाही, त्या वयाच्या त्या कुत्र्याच्या नाकावर त्या दिवसांत एका महानगराची भिस्त होती, आणि आपल्या सेवाकाळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स त्याने हुडकून दिले. तोही पौगंडावस्थेतच होता. खंड्यात आणि त्याच्यात अंतर होते ते एवढेच, की त्याला कोणीतरी रोज काम देत होते आणि खंड्याला मी साखळी देत होतो.

हवालदारांनी साखळी काढवली. मला वाटले, आता हे कुत्र्याला मैलोगणती पळवायला सांगतील, आणि माझ्या गुडघ्यांचे काय, या विवंचनेत मी पडलो. पण ते म्हणाले, ‘‘पळवून दमवाल, तर दमेल आज, महिन्याभरात दुप्पट पळणारं कुत्रं तयार होईल, आणि तुम्ही आहात तेवढेच राहाल.’’ शिवाय थोराड जातीच्या कुत्र्याच्या हाडांची टोके वर्ष-दीड वर्षापर्यंत कोवळीच असतात, त्यामुळे डांबरी रस्त्यावर लांबवर पळवणे किंवा जिने वारंवार चढवणे-उतरवणे हेही त्या वयात हितावह नसते. पाय नव्हे, नाक दमवायचे, असे त्यांचे सूत्र. त्या दिवसापासून खंड्याचे जेवण ताटलीत पडेनासे झाले. सकाळचे खाणे मूठ-मूठ गवतात उधळून ते त्याने हुंगून वेचायचे. दुपारचे जुन्या गोणपाटात गुंडाळी करून द्यायचे, म्हणजे ते उलगडण्यात त्याचा अर्धा तास जाई. आणि संध्याकाळी चालताना आमच्या गतीने नव्हे तर त्याच्या नाकाच्या गतीने चालायचे, मग एका विजेच्या खांबापाशी पाच मिनिटे का मोडेनात. आपण वर्तमानपत्र वाचतो तसा तो तो खांब वाचीत असतो, हे एकदा पटले की रखडण्याचा त्रास वाटत नाही. पंधरवड्याच्या आत दुपारचे भुंकणे ओसरले. ज्याची दुपार गोणपाट उलगडण्यात आणि उरलेली झोपेत गेली, तो भुंकेल कशासाठी? या वयाच्या कुत्र्याला दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ झोप लागते, आणि ती मिळाली नाही तर तो किरकिऱ्या मुलाप्रमाणे अधिकच पिसाळल्यासारखा वागतो, हेही तेव्हाच कळले.

उड्या मारण्याचा प्रश्न अधिक बिकट होता, आणि त्याचा उलगडा मला माझ्याच कचेरीने करून दिला. कुत्रा उडी मारतो तेव्हा आपण त्याला हाताने ढकलतो, त्याच्याशी मोठ्याने बोलतो, त्याच्या डोळ्यांत पाहतो, आणि ही तिन्ही त्याच्या लेखी बक्षिसेच असतात. म्हणून उडी मारताच पाठ फिरवून स्तब्ध उभे राहायचे, आणि चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी शाबासकी व चिकनचा उकडलेला तुकडा द्यायचा. नियम सोपा, पालन अवघड, कारण ते सर्वांनी करावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की ज्या कृतीला प्रत्येक वेळी नव्हे तर अधूनमधूनच फळ मिळते, ती कृती मोडणे सर्वांत कठीण जाते. कचेरीत बसलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नऊ वेळा नामंजूर झालेला अर्ज दहाव्या वेळी, साहेबांची मर्जी बरी असताना, मंजूर होतो असे ज्या पक्षकाराला एकदा कळले, तो पुढे प्रत्येक काम दहादा अर्ज करूनच घेतो. आणि त्याला हट्टी म्हणून नावे ठेवणारे आपणच त्याचे गुरू असतो. आमच्या घरात मी पाठ फिरवीत होतो, सौभाग्यवती पाठ फिरवीत होती, आणि नात मात्र शाळेतून येताच त्याला मिठीत घेत होती. खंड्याने आमचे नकार खिशात घातले आणि तिच्या मंजुरीवर दिवस काढले. ज्या दिवशी नातीने मन घट्ट केले, आणि दूध टाकणाऱ्या मुलानेही सहकार्य करण्याचे कबूल केले, त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने शिक्षण सुरू झाले.

चिकनच्या तुकड्यावरून एक सूचना करून ठेवतो, कारण ती आमच्या घरी जवळजवळ उशिरा पोचली होती. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे कुत्र्याला विषासमान असतात. कांदा आणि चॉकलेट ही सुद्धा. सत्यनारायणाच्या दिवशी प्रेमाने शिरा भरवणारे शेजारी त्याचे वैरी नसतात, पण परिणाम तोच होतो.

ओढण्याचा उपाय असा, की दोरी ताणली गेली की झाडासारखे उभे राहायचे, आणि ढिली झाली की पाऊल टाकायचे. पहिल्या दिवशी आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंतचे शंभर पावलांचे अंतर तोडायला पस्तीस मिनिटे लागली. येणारे-जाणारे मला विचारीत होते, की बरे वाटत नाही का? तिसऱ्या आठवड्यात तेच अंतर चार मिनिटांवर आले. हाक मारताच परत येण्याचे शिक्षण मात्र महिनोन् महिने चालले, आणि ते दहा मीटरची लांब दोरी लावून, एकदाही दगा न देता, म्हणजे बोलावून कधीही न रागावता किंवा न बांधता, करावे लागले. या ठिकाणी नामदेवांची आठवण होते. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही भक्तीची पराकाष्ठा होय; परंतु आपणां सामान्यांनी वयात आलेल्या कुत्र्यामागे धावू नये, कारण आपण धावलो की त्याच्या मते खेळ सुरू झाला, आणि त्या खेळात आपण जिंकण्याची शक्यता नाही. त्याच्या विरुद्ध दिशेला धावावे. तो आपल्यामागे येतो. तुपाची वाटी मात्र हाती असू द्यावी.

आपल्यापैकी अनेकांना वाटेल, की हे सारे लाड झाले. कुत्र्याला एकदा मालक कोण ते दाखवून दिले की काम भागते. मलाही तसेच वाटत होते. या समजुतीचा उगम मोठा उद्बोधक आहे. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे जे निरीक्षण १९४७ साली प्रसिद्ध केले, त्यातून कळपात वर्चस्वासाठी अखंड झुंज चालते, असा समज रूढ झाला, एल. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील ग्रंथाने तो दूरवर पसरला. आणि पुढे रानातील लांडगे प्रत्यक्ष पाहून याच मेक यांनी १९९९ साली लिहिले, की निसर्गातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरे असे एक कुटुंब असते, तेथे सिंहासनासाठी लढाई नसते. कोंडलेल्या, परस्परांना परक्या प्राण्यांचे वर्तन पाहून स्वतंत्र प्राण्यांचा स्वभाव ठरवणे ही चूक शास्त्रज्ञाने दुरुस्त केली. आपण मात्र ती अजून जिन्यात चालवीत आहोत.

भीतीविषयीही दोन शब्द. या वयात, काल ज्या वस्तूजवळून निर्धास्त गेला तिलाच आज कुत्रा अकस्मात बिचकतो. पुण्यात गणेशोत्सवापूर्वी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. खंड्या त्या आवाजाने जमिनीला चिकटून बसला आणि मग बेफाम भुंकू लागला. त्याला ओढीत पथकाजवळ नेऊन ‘सवय करण्याचा’ सल्ला देणारे चौघे भेटले. हवालदारांनी त्याला दोन गल्ल्या मागे नेले, जेथे आवाज येतो पण छाती धडधडत नाही, आणि तेथे सतरंजी अंथरून तिच्यावर स्वस्थ पडून राहण्याचा धडा दिला; पडला की एक तुकडा, पडून राहिला की दुसरा. रोज थोडे पुढे. विसर्जनापर्यंत आम्ही अर्धी गल्ली जिंकली होती, आणि दिवाळीत फटाके वाजले तेव्हा तो कापत होता खरा, पण भुंकण्याऐवजी आपणहून त्या सतरंजीवर जाऊन पडला. कुत्र्याला शांत राहा असे सांगून तो शांत होत नाही. शांत कोठे व्हायचे, ती जागा त्याला दाखवावी लागते.

आता कायद्याकडे वळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, ज्याच्या बळावर आपण ठराव करता आणि दंड आकारता, आणि प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम, हे दोन्ही आपल्या नावात १९६० हेच वर्ष वागवतात. दुसऱ्या अधिनियमामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेला आग्रह होता, आणि त्याच्या अकराव्या कलमात असे सांगितले आहे, की नेहमी साखळीने बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध होय. म्हणजे आपली नोटीस पाळण्यासाठी ते तीन आठवडे मी जे केले, तोच कायद्याने गुन्हा होता! भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, कितीही बहुमत झाले तरी संस्थेला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असे म्हटले आहे. हे मी धाक म्हणून लिहीत नाही. कायद्याची पाने एकमेकांच्या तोंडावर फेकून शेजारधर्म नांदत नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीत पुरेपूर पाहिले आहे.

उलट मालकांकडून येणे असलेली बाकी मी आधी मांडतो. महानगरपालिकेचा परवाना आणि रेबीजची लस, यांत सबब चालू नये. इमारतीत व रस्त्यावर कुत्रा दोरीवाचून नसावा. त्याची घाण मालकाने स्वतः उचलावी. ‘खत होते’ हा युक्तिवाद ऐकून घेऊ नये. ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याची भीती खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. लिफ्टमध्ये असा कोणी असेल तर आपण पुढच्या फेरीस थांबावे. आणि ज्या घरात दिवसभर माणूस नाही, त्या घराने दिसण्यावर भुलून हस्की किंवा बॉर्डर कॉली आणू नये. एकाचा जन्म बर्फात गाडी ओढण्यासाठी, दुसऱ्याचा डोंगरावर मेंढ्या वळण्यासाठी, आणि चैत्र-वैशाखातली आपली गॅलरी यांपैकी कशासारखीही नसते.

आणि आपणांकडे माझे मागणे फक्त तीन बाबींचे आहे. पहिली, संस्थेच्या आवारातील एखादा कोपरा, किंवा कठडा पुरेसा उंच असल्यास गच्ची, पहाटे एक तास आणि दिवेलागणीनंतर एक तास कुत्र्यांसाठी राखून ठेवावी; त्या वेळा फलकावर लावाव्यात, म्हणजे ज्यांना कुत्रे नको असतील त्यांनाही त्या टाळता येतील. दुसरी, ज्या सभासदाकडे वर्षाच्या आतील कुत्रे आहे त्याच्याविरुद्ध तक्रार आल्यास, दंडाच्या नोटिशीआधी त्याला एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे जाण्याची सूचना द्यावी, आणि तो शिकवीत आहे एवढे दिसले तर कारवाई तहकूब ठेवावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: मुदत सात दिवसांची नसावी. मोजणी, फेरफार, वारसनोंद या प्रत्येक कामाला लागणारा किमान काळ मी नोकरीत पाहिला आहे, आणि त्याहून कमी मुदत दिली की काम लवकर होत नाही, फक्त खोटे होते. कुत्र्याचे वयात येणे हे सुद्धा असेच एक काम आहे. त्याची मुदत निसर्गाने ठरवलेली आहे, आणि ती साधारण वर्षाची आहे.

राहता राहिली मूळ नोटीस. तिला मी अद्याप लेखी उत्तर दिलेले नाही, ही माझ्यासारख्या माणसाला न शोभणारी दिरंगाई होय, आणि तिची पूर्तता या पत्राने करतो. वरच्या मजल्यावरील आजी आता जिन्यात भेटल्या की खंड्या खाली बसतो. उठायची घाई त्याच्या शेपटीत दिसते, पण बसतो. चपला तो अजून उचलतो, परंतु ‘दे’ म्हटले की हातात देतो, आणि तळमजल्यावरील सभासदांनी गेल्या महिन्यात स्वतःहून मला सांगितले, की हरवलेल्या जोडातील एक पाय त्याने गाडीखालून शोधून आणून दिला; तो पूर्वी नेलाही त्यानेच असावा, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवले नाही. दुपारी आवाज नाही. स्कूटरचा आरसा भरून दिला आहे, त्याची पावती सोबत जोडली आहे. तरी हुकुमाप्रमाणे योग्य तो बंदोबस्त झाला, अशी नोंद व्हावी. फक्त त्याला सात दिवसांच्या ठिकाणी चौदा महिने लागले.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक सभासद
पुणे